रोमन घराची वाटणी

विलायतेत छापलेल्या एका जाड पुस्तकाच्या शेवटी घडी घालून चिकटवलेला एक नकाशा आहे. दक्षिण इंग्लंडातल्या कुठल्याशा शेताखाली सापडलेलं रोमन लोकांचं घर त्यात काढलेलं आहे. त्या घराच्या पडवीतून आणि अंगणातून एक वाकडी भिंत जाते. ती भिंत कागदावर राहावी म्हणून आमच्या कचेरीतल्या एका माणसाने आपली भाकरी पणाला लावली होती. हा माणूस कधी विलायतेला गेला नाही. विलायत राहिली दूर, कल्याणच्या पलीकडेही गेला नाही. त्याच्या शेजारच्या मेजावर मी अकरा वर्षं बसलो. हे मी जाईन तिथे सांगतो आणि ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगतो.

आम्ही त्यांना नकाशेबुवा म्हणत असू. कोटात, म्हणजे मुंबईच्या फोर्ट भागात, एका साहेबी कचेरीत इमारतींचे नकाशे निघत, तिथे ते मुख्य नकाशानवीस होते आणि मी पत्रव्यवहाराचा कारकून. मुंबईत प्लेग यायच्या आधीची ही वर्षं. दोघेही गिरगावात राहायचो, त्यामुळे सकाळचं जाणं बरोबरच. घोड्यांची ट्राम होती, पण बुवा ट्राममध्ये पाय ठेवत नसत. घोडा चालला आणि आपण बसलो तर अंतर कोणी मोजायचं, हा त्यांचा सवाल. ते पावलं मोजत चालत. बोलताना मोजत, शिंकताना मोजत, आणि मी मध्येच काही विचारलं तर उत्तर देऊन पुन्हा नेमक्या आकड्यावर येत. पगडीच्या घडीत तीन पेन्सिली खोचलेल्या असत, एक कडक, एक मऊ आणि एक तांबडी. वाडीतली पोरं त्यांना मागून 'तुरेवाले' म्हणत. बुवांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं.

कुणाच्या घरी गेले की बुवा लगेच बसत नसत. यजमानीण पाण्याचा तांब्या आणून ठेवी. बुवा पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सोडत आणि ते कुठे वाहतात ते वाकून पाहत. थेंब मोरीकडे गेले की मान हलवत आणि मग बसत. लोकांना वाटे, हे काहीतरी व्रत असावं. एका घरी तर म्हाताऱ्या आजोबांनीही त्यांचं पाहून चार थेंब सोडले आणि हात जोडले.

"घर खोटं बोलत नाही," ते म्हणत, "घरमालक बोलतो."

माझ्या भाचीसाठी स्थळ पाहायला मी त्यांना घेऊन गेलो होतो. मुलाचे वडील मुलाचं शिक्षण, नोकरी, मामांचा मान असं सगळं सांगत होते, आणि बुवा मागच्या दारी मोरीपाशी उकिडवे बसले होते. बाहेर पडल्यावर मी विचारलं, काय वाटतं? म्हणाले, "द्या. वीस वर्षांचं घर आहे, पण पाणी कुठे तुंबत नाही. या घरात कामं वेळच्या वेळी होतात." आम्ही मुलगी दिली. ती सुखात आहे. पत्रिका जुळली होती की नाही ते आता कुणाला आठवतही नाही.

तर रोमन लोक आमच्यात आले ते असे. आमच्या कचेरीचे आधीचे मोठे साहेब निवृत्त होऊन विलायतेला गेले आणि तिकडे त्यांनी शेती घेतली. शेत नांगरताना नांगराला रंगीत खडे लागू लागले. साहेबांनी खणलं, तर खाली आख्खं घर. दीड हजार वर्षांपूर्वी त्या देशावर रोमन लोकांचं राज्य होतं, तेव्हाच्या एका बागायतदाराचं. तिकडचे विद्वान अशा घराला व्हिला म्हणतात. आपण शेतावरचं मोठं घर म्हणू. साहेबांनी खोल्या मोजल्या, वह्या भरल्या, आणि पक्के नकाशे काढायची वेळ आली तेव्हा सगळं बाड आगबोटीने मुंबईला पाठवून दिलं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की इथल्या कुणाची रेघ मला पसंत पडत नाही, माझ्या जुन्या नकाशानवीसालाच हे द्या. ते पत्र मी वाचून दाखवलं. बुवा म्हणाले, "बरं," आणि लेखणी पुसू लागले. छाती माझीच फुगली.

त्या बाडात इतर देशांतल्या अशाच घरांचे छापील नकाशेही होते, ताडून पाहायला म्हणून. इटलीतली होती, फ्रान्सातली होती, जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठची होती. दोन-तीन महिन्यांत बुवांना ती सगळी पाठ झाली. सकाळी चालता चालता ते त्यांच्याबद्दल बोलत, आणि मागून येणाऱ्याला वाटावं की बुवांची सोयरीक दूरवर पसरलेली आहे.

"त्या ऱ्हाइनवाल्याने चुकी केली हो," ते म्हणत. "न्हाणीघर उत्तरेला नेलं. बायको रोज बोलत असणार."

थंड मुलखातली ही घरं. खाली वीतवीतभर अंतरावर विटांचे बुटके खांब, त्यांवर जमीन, आणि बाहेरच्या भट्टीतला गरम वारा त्या जमिनीखालून फिरवायचा, म्हणजे खोली ऊबदार राहते. हे बुवांनी कचेरीत ऐन वैशाखात समजावून सांगितलं. पंखेवाला दोरी ओढायचा थांबून ऐकत होता. "म्हणजे चुलीवर बसायचं?" त्याने विचारलं. बुवांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "थंडी आणि थाट, दोन्हींची सोय."

त्या वर्षीच्या दिवाळीत बुवांनी आपल्या दारापुढे रांगोळी काढली. एरवी ते काम वहिनी, म्हणजे बुवांची बायको, करत. बुवांनी त्या दिवशी वहिनींना उठूच दिलं नाही. साहेबांच्या घरातल्या मोठ्या खोलीत बारीक रंगीत खड्यांची जमीन निघाली होती, तिच्या मधोमध एका बाईचं तोंड, आणि केसांच्या जागी साप. ते तोंड बुवांनी पाच रंगांत हुबेहूब उतरवलं. उजाडल्यावर वाडीत एकच गलका. एक बाई म्हणाली करणी आहे, दुसरी म्हणाली बुवांचं डोकं फिरलं. तेवढ्यात माझी आई आली. तिने रांगोळी नीट पाहिली, घरात गेली, करंडा आणला, आणि त्या बाईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं.

"नागोबाची बहीण दिसते," आई म्हणाली. "सणाच्या दिवशी दाराशी आलीय, तिला असं बोलू नये."

बुवांनी आईला वाकून नमस्कार केला. ते तोंड रोमन लोक घराच्या राखणीसाठीच काढत, असं साहेबांनी वहीत लिहिलेलं होतं. आईला अक्षरओळख नव्हती.

आता भिंतीकडे येतो.

घराचे सगळे भाग काढून झाले आणि शेवटी आख्ख्या घराचा मोठा नकाशा करायची वेळ आली. त्याबद्दल जुन्या साहेबांचं आणखी एक पत्र आलं होतं. पडवीत आणि अंगणात जी वाकडी भिंत मोजलेली आहे, ती घर ओस पडल्यावर मागाहून आलेल्या मेंढपाळांनी बांधलेली दिसते, तिने नकाशाची शोभा जाते, तर ती वगळावी. पत्र मीच वाचून दाखवलं. बुवांनी ऐकून घेतलं, वही पुन्हा उघडली आणि चार दिवस ती बंद केली नाही. पाचव्या दिवशी नकाशा शाईने पुरा झाला. भिंत त्यात होती.

आमच्या तेव्हाच्या साहेबांनी नकाशा पाहिला, पत्र पाहिलं, आणि बुवांना बोलावलं. मला दुभाष्या म्हणून उभं केलं, कारण बुवांचं इंग्रजी आकड्यांपुरतंच होतं.

"ही भिंत वगळायला सांगितली होती," साहेब म्हणाले.

"सांगितली होती," बुवा म्हणाले. "पण ती मेंढपाळाची नाही. मेंढपाळ भिंत बांधील ती वारा अडवायला. ही वारा अडवत नाही, माणसं अडवते."

मी भाषांतर केलं. साहेबांनी भुवई वर केली. बुवांनी पगडीतली तांबडी पेन्सिल काढली आणि नकाशाला न टेकवता वरूनच दाखवू लागले. भिंतीच्या एका अंगाला एक चूल, दुसऱ्या अंगाला दुसरी चूल. पडवीतलं एक दार दगडांनी बुजवलेलं. मागे एक छोटी खोली, तिच्यात कोनाडा, आणि तिला मात्र दोन दारं, भिंतीच्या दोन्ही अंगांनी एकेक. विहीर एकच, आणि भिंत तिच्या अलीकडेच थांबलेली.

"साहेबांना सांगा," बुवा मला म्हणाले, "बाप वारला, दोघे भाऊ होते, पटलं नाही. चुली वेगळ्या झाल्या. देवघर सामायिक राहिलं, म्हणून त्याला दोन दारं. ही वाटणी आहे. घरोघरी मातीच्या चुली."

ती म्हण मी साहेबांना इंग्रजीत समजावू गेलो आणि फसलो. साहेबांना वाटलं, बुवा रोमन लोकांच्या चुली कशाच्या होत्या ते सांगताहेत. ते हसले, पण हसणं ओसरल्यावर त्यांचा आवाज बदलला. हुकूम तो हुकूम. पुढच्या आगबोटीला अजून दहा दिवस होते. तोवर भिंतीवाचून नवा नकाशा काढावा, नाहीतर बुवांनी मेज रिकामं करावं, दुसरा माणूस काढील.

"दुसऱ्याने काढला तर माझं काही म्हणणं नाही," बुवा म्हणाले. "पण माझ्या हाताने ती भिंत पुसली जाणार नाही. ती होती."

घरी बायको, दोन मुली, एक लग्नाची. वय पन्नाशीकडे झुकलेलं. मी खाली मान घालून भाषांतर करत होतो आणि मनातून त्यांना शिव्या देत होतो. आज विचाराल तर सांगतो, त्या शिव्यांत निम्मा हेवा होता. मला साहेबापुढे 'नाही' हा शब्द आयुष्यात काढता आला नाही.

साहेब माणूस मात्र वाईट नव्हता. इमारती बांधणारा होता, आणि बांधणाऱ्याला दुसऱ्या बांधणाऱ्याचं ऐकावंसं वाटतं. त्यांनी विचारलं, हे सगळं ठीक, पण भिंत त्याच कुटुंबाची आणि वाटणीचीच, याला बांधकामातला पुरावा काय?

बुवांनी वहीतलं एक पान पुढे केलं. जुन्या साहेबांनी स्वतः टिपलं होतं की ही भिंत दोन्ही टोकांना जुन्या भिंतीला नुसती टेकते, तिच्यात गुंफलेली नाही. साहेब म्हणाले, आळशी गवंडीही असंच करतो. बुवा म्हणाले, आळशी गवंडी चुना कमी घालतो. या भिंतीला चुना भरपूर आहे, सांधा तेवढा मोकळा सोडलाय. आमच्याकडे वाटणीची भिंत अशीच घालतात. जुना गवंडी जुन्या भिंतीत विटा गुंफायला तयारच होत नाही. म्हणतो, आज भांडलात, उद्या एक व्हाल, मग थोरल्या भिंतीला कशाला जखम करायची?

"दाखवाल मला अशी भिंत?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या घरात आहे," बुवा म्हणाले. आणि मग एकदम गप्प झाले.

ते गप्प का झाले ते मला ठाऊक होतं. बुवांचं गिरगावातलं कौलारू घर सात वर्षांपूर्वी दोन झालं होतं. दुसऱ्या अर्ध्यात त्यांचे धाकटे भाऊ राहत. ते परळच्या एका कापड गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, चाळीस साच्यांवर, म्हणजे मागांवर, त्यांची नजर असे. भांडण झालं ते कशावरून म्हणाल, तर धाकट्यांनी थोरल्यांना न विचारता पडवीचं एक दार दोन हात सरकवलं. त्याने जमिनीचा उतार बिघडला, असं बुवा म्हणाले. घर उताराचं आहे की माणसांचं, असं धाकटे म्हणाले. महिनाभरात गवंडी आला. सात वर्षांत भाऊ भावाशी अक्षर बोलला नव्हता. जावा-जावा बोलत, वाट्या इकडून तिकडे जात, एकीकडे कोलंबीचं कालवण झालं की दुसरीकडे त्याचा वास पोचायच्या आत वाटी पोचे. पुरुषांना ते दिसत नसे, म्हणजे दिसू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि साहेबांनी अट घातली होती. सांधा एकाच बाजूने दिसला तर तो गिलाव्याचा तडाही असू शकतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी पाहायचा, आणि कागदाची पट्टी एका बाजूने सारून दुसऱ्या बाजूने निघाली पाहिजे. म्हणजे साहेबाला धाकट्यांच्या घरात न्यायला हवं होतं.

कचेरीतून परतताना बुवांनी त्या दिवशी पावलं मोजली नाहीत. धोबीतलावापाशी आल्यावर म्हणाले, "तुम्ही जाऊन सांगा. साहेबाला भिंत पाहायची आहे म्हणावं. माझं नाव घेऊ नका."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर मेज रिकामं करीन," बुवा म्हणाले. "त्याच्या दारात जाऊन हात पसरणार नाही."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ अजून चांगला शाबूत होता. मी त्याच संध्याकाळी गेलो. धाकटे गिरणीतून येऊन पाय धूत होते. केसांत कापूस तसाच होता.

"साहेबाला काय पडलंय आमच्या भिंतीचं?" ते म्हणाले.

बुवांचं नाव न घेता ही गोष्ट सांगायची कशी? मी दोन वाक्यं सांगितली आणि तिसऱ्याला हात टेकले. सगळं सांगून टाकलं. रोमन घर, दोन चुली, दोन दारांचं देवघर, दहा दिवसांची मुदत. धाकट्यांनी पाय पुसले, पाट घेतला, बसले.

"म्हणजे ती भिंत पुसली, तर नोकरी राहते?"

"राहते."

"नि पुसत नाही तो?"

"नाही."

"येडाच हाय," धाकटे म्हणाले. मग म्हणाले, "ही त्या दोघांची वाटणी त्याला कळली कशी, सांगितलंन का तुम्हाला?"

"नकाशावरून कळली म्हणाले."

"नकाशावरून नाय कळत ते," धाकटे म्हणाले. "आणा साहेबाला रविवारी. गिरणी बंद असते."

रविवारी साहेब गाडीतून उतरले आणि वाडीत पळापळ झाली. म्युनिसिपालटीने रस्ता रुंद करायला माणूस पाठवला, अशी बातमी आमच्याआधी आत पोचली होती. एकाने घराला कुलूप लावलं आणि बाहेर ओट्यावर आपण कुणीच नव्हे असा बसला. दुसऱ्याने साहेबाला गटाराची तक्रार सांगायला सुरुवात केली. साहेबाला मराठी कळत नव्हतं, तरी तो ऐकून घेत होता, आणि तेवढ्यावरून वाडीत आजही त्याचं नाव चांगलं आहे. धाकट्यांच्या दाराला त्याने कपाळ आपटून घेतलं, मग वाकून आत शिरला. धाकट्यांनी खुर्ची उसनी आणून तिच्यावर धुतलेली चादर घातली होती. साहेब तिच्यावर बसला नाही. सरळ भिंतीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला.

बुवा पलीकडे, आपल्या घरात होते. साहेब आणि मी अलीकडे. धाकटे आमच्या मागे हाताची घडी घालून. सांध्यावरचा गिलावा खरवडल्यावर जुन्या भिंतीच्या आणि वाटणीच्या भिंतीच्या मध्ये एक काळी रेघ दिसू लागली, जेमतेम नखाएवढी. मी मोठ्याने सांगितलं, "बुवा, सारा."

पलीकडे कागद खसखसला. आम्ही वाट पाहिली. पुन्हा खसखसला. अलीकडे काही आलं नाही. सात वर्षांचा चुना आणि धूळ मध्ये बसली होती. बुवा ढकलत होते आणि आत कुठेतरी पट्टी दुमडत होती, ते आवाजावरून कळत होतं. साहेबाने घड्याळ काढून पाहिलं. मला पलीकडचं दिसत नव्हतं, पण बुवांचं तोंड कसं झालं असेल ते दिसत होतं. त्यांच्या डोक्यात तेव्हा नोकरी नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. आपण म्हटलं ते खरं आहे आणि ते दाखवता येत नाही, याची नामुष्की होती.

धाकटे उठून आत गेले. गिरणीत मागाच्या फणीच्या दातांतून सूत ओढायला एक पातळ पोलादी पट्टी असते, तिच्या टोकाला बारीक आकडी. ती घेऊन आले. साहेबाला हाताने बाजूला केलं. मुंबईत हे मी एकदाच पाहिलं, जॉबराने साहेबाला हाताने बाजूला केलेलं. खाली बसले, पट्टी सांध्यात घातली, डोळे मिटले, आणि बोटांनी ऐकत असल्यासारखी ती आत नेली. मग भिंतीला तोंड लावून म्हणाले,

"सोड. धरलंय मी."

पलीकडे कागद खसखसायचा थांबला. भिंतीच्या दोन्ही अंगांच्या स्वयंपाकघरांत भांड्यांचा आवाज थांबला. सात वर्षांनंतरचे हे पहिले शब्द, आणि ते ऐकायला मी तिथे होतो.

मग आतला कागद सैल झाला. धाकट्यांनी हळूहळू ओढला, आणि चुन्याने पांढरी झालेली नकाशाच्या कागदाची पट्टी अलीकडे आली. साहेबाने ती हातात घेतली, फुंकली नाही, तशीच टिपणवहीत ठेवली. मला म्हणाला, "त्यांना सांगा, भिंत राहू द्या."

मी ओरडून सांगितलं. नंतर वहिनींनी सांगितलं, की बुवा पगडी काढून पाटावर बसले होते आणि त्यांना कुणी काही विचारू नये असं झालं होतं.

भिंतीसकट तो नकाशा पुढच्या आगबोटीने गेला. सोबत आमच्या साहेबाने जुन्या साहेबांना पत्र लिहिलं, आणि ती चुन्याची पट्टीही पाठवली. ते पत्र मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहून काढलं. उत्तर आलं ते पाऊस संपल्यावर. त्या म्हाताऱ्या साहेबाने आपल्या शेतातल्या भिंतीची दोन्ही टोकं पुन्हा उकरली होती. चाकूचं पातं आरपार गेलं. पडवीतलं बुजवलेलं दारही त्याने सोडवलं, आणि दाराच्या आतल्या उंबऱ्याचा दगड एका बाजूने पार झिजलेला निघाला. ज्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या ये-जा होती ते दार बुजवलेलं होतं. मेंढपाळांचा विषय त्याने पत्रात पुन्हा काढला नाही.

पुढच्या साली पुस्तक आलं. नकाशाच्या खाली बुवांचं नाव नव्हतं. मजकुरात एका ठिकाणी एवढंच होतं, की वाटणीचा हा विचार मुंबईतल्या माझ्या नकाशानवीसाचा आहे, ज्याने हे घर पाहिलेलं नाही. मी चिडलो. नाव छापायला काय हरकत होती? बुवांनी नकाशा उलगडला, भिंतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही आहे ना?" तिकडच्या विद्वानांना तो विचार पटला की नाही मला ठाऊक नाही. मला पटलेला आहे. फ्रान्स, इटली, जर्मनी असा सगळा मुलूख खणून काढणाऱ्या लोकांनी ज्या भिंतीला कचरा म्हटलं, तिच्यातलं दुःख गिरगावातल्या दोघा भावांनी ओळखलं, याचा मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त अभिमान आहे.

पुस्तक साहेबाने बुवांना एका रात्रीपुरतं घरी नेऊ दिलं. मी सोबत होतो. बुवा घरात न जाता मागच्या अंगणात गेले. तिथे विहीर होती, आणि त्यांच्या गवंड्याने वाटणीची भिंत विहिरीच्या तोंडावरूनही नेली होती. अर्धं तोंड इकडे, अर्धं तिकडे, दोन्हीकडे वेगळे रहाट. गिरगावात अशा विहिरी तेव्हा आणखीही होत्या, कुणाला त्यात नवल वाटत नसे. पलीकडे धाकटे पाणी काढत होते. तिथे भिंत छातीइतकीच होती. बुवांनी तिच्यावर पुस्तक ठेवलं आणि नकाशा उलगडला.

धाकट्यांनी हात कोरडे केले. वाचता त्यांना येत नव्हतं, पण नकाशात वाचायचं काय? त्यांनी भिंत शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. पडवी, अंगण, आणि मग बोट थांबलं.

"विहिरीवर नाय नेली," ते म्हणाले.

"नाही," बुवा म्हणाले. "अलीकडेच थांबवली."

"आपल्यापेक्षा शहाणे होते."

"होते खरे."

एवढंच बोलणं झालं. बुवांनी नकाशाची घडी पहिल्यासारखी घातली आणि आम्ही निघालो.

नंतरच्या रविवारी मी सहज गेलो, तर मागच्या अंगणात विटांचा ढीग पडला होता आणि गवंडी तंबाखू मळत बसला होता. घरातली भिंत जिथल्या तिथे होती, दोन्ही चुली पेटलेल्या होत्या. विहिरीचं तोंड मात्र मोकळं झालं होतं. बुवा काठावर उकिडवे बसून नव्या कठड्याचं माप घेत होते, आणि मोजायच्या फितीचं दुसरं टोक समोर धाकट्यांनी धरलं होतं.